भेदभाव संपला म्हणता, मग अतिक्रमणदार आम्हीच कसे?

एक वाक्य हल्ली आपल्या कानावर सारखं पडतं. 'आता कुठे राहिलाय भेदभाव?' तहसीलदार कचेरीत ऐकायला मिळतं, एस.टी.त शेजारी बसलेला माणूस बोलतो, आश्रमशाळेतले गुरुजी बोलतात. पूर्वी असेल म्हणे असलं काहीतरी. आता कायदा सगळ्यांना सारखा, मत सगळ्यांना सारखं. उलट तुम्हालाच राखीव जागा, तुम्हालाच खावटी, तुम्हालाच सवलती. देशाचे राष्ट्रपतीही दलित होते. आणखी काय पाहिजे?

हे बोलणारी सगळी माणसं वाईट नसतात. काहींना खरंच तसं वाटतं. ज्याच्या पायात काटा नाही त्याला वाट गुळगुळीतच वाटणार. पण या वाक्याचा उपयोग काय होतो ते आपण बघितलं पाहिजे. कारण ज्या २००२ सालात हे वाक्य इतकं ऐकायला येत होतं, त्याच साली आपल्याला कसत्या जमिनीतून हाकलायचा हुकूम निघाला. रोगच नाही असं एकदा ठरवलं, की औषध मागणारा रोगी कटकट्या ठरतो. म्हणून या अंकात आम्ही या एका वाक्याचा हिशोब मांडतो आहोत.

डर्बनला काय झालं

२००१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात युनोची मोठी परिषद भरली. विषय होता वंशभेद. जन्मामुळे, रंगामुळे, जातीजमातीमुळे माणसाला कमी लेखणं कसं थांबवायचं, यावर सगळ्या देशांनी बोलायचं होतं. आपल्या देशातून पुष्कळ दलित कार्यकर्ते तिथे गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमच्याकडे जातीवरून जे चालतं तेही या यादीत घ्या. भारत सरकारने विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरातला प्रश्न आहे, आमची राज्यघटना आणि कायदे त्यासाठी पुरेसे आहेत, असं सरकारचं म्हणणं पडलं.

आता थोडी जुनी गोष्ट. १९६५ साली युनोने वंशभेदाविरुद्ध करार केला. भारताने १९६८ साली तो मान्य केला. वंशभेद म्हणजे काय, ते त्या करारात लिहिलेलं आहे. वंश, रंग, कुळी, राष्ट्र किंवा जमात यावरून माणसाचा हक्क डावलणं म्हणजे वंशभेद. यातला 'कुळी', म्हणजे माणूस कोणाच्या पोटी जन्मला, हा शब्द भारतानेच सुचवून घातला होता. १९९६ साली युनोच्या समितीने आपल्या सरकारला स्पष्ट सांगितलं, की अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती दोन्ही या करारात येतात. २००२ साली त्या समितीने पुन्हा सांगितलं, की कुळी या शब्दात जात येते. शब्द घालणारे आपण, आणि त्याचा अर्थ आपल्यापर्यंत आला की 'आमच्याकडे तसलं काही नाही' म्हणणारेही आपणच.

यातली आणखी एक गंमत बघा. दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांना गोरे लोक हीन वागवतात, अशी तक्रार १९४६ साली युनोत पहिल्यांदा नेली ती भारतानेच. गांधीजींना १८९३ साली आगगाडीतून खाली उतरवलं ते त्याच देशात. ती गोष्ट आपल्या पोरांच्या पुस्तकात आहे, आणि ती वाचून सगळ्यांना राग येतो. यायलाच पाहिजे. पण परक्या देशातला अन्याय लांबून दिसतो आणि आपल्या आवारातला दिसत नाही, हे कसं?

तिथला कायदा आणि इथला कायदा

दक्षिण आफ्रिकेत १९१३ साली जमिनीचा कायदा झाला. काळी माणसं देशात बहुसंख्य, पण त्यांच्या वाट्याला सुमारे ७ टक्के जमीन ठेवली. पुढे १९३६ साली ती १३ टक्क्यांच्या आसपास नेली. बाकीच्या जमिनीवर काळा माणूस मजूर म्हणून राबू शके, मालक होऊ शकत नसे. फिरायचं तर खिशात पास पाहिजे. पास नसला तर तुरुंग. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिल गावात लोक या पासांविरुद्ध जमले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ६९ माणसं मेली. त्याची आठवण म्हणून युनो २१ मार्च हा दिवस वंशभेदाविरुद्ध पाळते.

हे ऐकून आपल्याला काही ओळखीचं वाटतं की नाही? इंग्रजांनी १८७८ साली जंगलाचा कायदा केला आणि १९२७ साली तो नव्याने लिहिला. आजही तोच चालू आहे. त्याची रीत अशी. सरकारने जाहीरनामा काढायचा, की अमुक जंगल राखीव करणार आहोत, कोणाचा हक्क असेल त्याने मुदतीत दावा सांगावा. मुदत संपली की ज्याने दावा सांगितला नाही त्याचा हक्क मेला. जाहीरनामा लिहिलेला, आणि आपले आजे-पणजे डोंगरावर राब भाजून नागली-वरई पेरणारे. त्यांना तो कोणी वाचून दाखवला? किती जणांनी कचेरीत जाऊन, साहेबापुढे उभं राहून दावा लावला असेल? अशा रीतीने, एकही माणूस जागचा न हलता, पिढ्यान्‌पिढ्यांचा रहिवासी एका कागदाने परका झाला. त्यानंतर लाकडाला पास, बांबूला पास, गुरांना चराईची पावती.

आणि १८७१ चा कायदा तर याहून उघड होता. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार, असं त्यात लिहिलं होतं. पुढे तो आपल्या मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारध्याच्या पोटी जन्मला म्हणून पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचं तर दाखला. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला उठला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाली होती. आणि कायदा उठला तरी आज गावाजवळ चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणाच्या पालावर जाते, ते विचारायची गरज नाही.

वंश हा शब्द आम्हाला लागू पडतो की नाही, त्यावर पंडितांनी खुशाल भांडावं. आम्ही त्याची ओळख कामावरून धरतो. जन्मावरून ठरवलं, जमीन काढून घेतली, पास लावला, शंका आली की आधी धरलं. या चार गोष्टी जिथे आहेत तिथे नाव काय द्यायचं ते तुम्हीच सांगा.

एकच जंगल, दोन शब्द

आता २००२ सालचं बघू. ३ मे २००२ ला दिल्लीच्या पर्यावरण खात्याने सगळ्या राज्यांना पत्र धाडलं. देशात १२.५ लाख हेक्टर जंगलावर अतिक्रमण आहे, जे नियमात बसत नाहीत त्यांना ३० सप्टेंबरच्या आत काढा. मे ते सप्टेंबर म्हणजे आपला पेरणी, आवणी आणि पीक उभं राहण्याचा काळ. ज्याने तारीख ठरवली त्याला शेत माहीत नसेल, किंवा फार चांगलं माहीत असेल. आसामात तर हत्ती लावून झोपड्या पाडल्या.

हे पत्र लिहिताना त्याच खात्याला स्वतःचे जुने कागद आठवले नाहीत. १८ सप्टेंबर १९९० ला याच खात्याने लिहून दिलं होतं, की खरं अतिक्रमण वेगळं आणि वादातले जुने हक्क वेगळे, ते तपासल्याशिवाय निकाल लावू नका. अनुसूचित जाती-जमातींचे आयुक्त बी. डी. शर्मा यांनी आपल्या अहवालात हा विषय लावून धरला, तेव्हा ते कागद निघाले. बारा वर्षं ते कपाटात राहिले. आपल्या राज्यातही १९७८-७९ साली निर्णय झाला होता, की ३१ मार्च १९७८ पर्यंत कसत असलेल्या पात्र लोकांची जमीन कायम करायची. ती यादी किती गावांत पुरी झाली? ज्या पाड्यावर तलाठी पोचला नाही, तिथला माणूस यादीत नाही. यादीत नाही म्हणून तो अतिक्रमणदार. आणि अतिक्रमणदार म्हणून हाकला.

लोक मोर्चे काढत राहिले, तेव्हा ऑक्टोबरच्या अखेरीस दिल्लीने खुलासा केला, की १९९० चे कागद रद्द झालेले नाहीत. म्हणजे मे महिन्यातही ते रद्द नव्हते. मग सप्टेंबरपर्यंत ज्यांची पिकं उपटली त्यांना काय सांगायचं?

आता शब्दांकडे लक्ष द्या. धरणासाठी जंगल बुडालं तर त्याला म्हणतात प्रकल्प. खाणीला दिलं तर म्हणतात वनेतर वापर. त्यासाठी १९८० चा कायदा आहे, अर्ज आहे, मंजुरी आहे. कंपनीच्या माणसाला बसायला खुर्ची आहे. आणि आपण दोन एकरांत नागली लावली तर त्याला म्हणतात अतिक्रमण, आणि आपल्याला बसायला रेंजरच्या ऑफिसबाहेरची फरशी. झाड दोन्हीकडे तुटतं. शब्द मात्र माणूस बघून वापरतात. भेदभाव संपला असता तर शब्द एकच असता.

तोंडच्या शब्दाला किंमत नाही

भेदभाव ओळखायची आणखी एक खूण आहे. कोणाचं बोलणं पुरावा धरतात आणि कोणाचं धरत नाहीत?

जमीन आमच्या आज्याने कसली, हे सगळा गाव सांगतो. बांध आहेत, आंब्याची झाडं आहेत, मेलेल्यांचे दगड आहेत. साहेब विचारतो, कागद कुठाय? कागद म्हणजे दंडाची पावती. गंमत अशी की ज्या पावतीवर आपल्याला गुन्हेगार लिहिलंय, तीच आपल्या हक्काचा पुरावा. ज्याच्यावर केस झाली तो निदान दावा तरी लावू शकतो. आणि ज्याने केस होऊ नये म्हणून गार्डला कोंबडी दिली, तांदूळ दिले, त्याच्याकडे काहीच नाही. कोंबडीची पावती कोण देतो? १९९५ साली सुप्रीम कोर्टानेच ठाणे जिल्ह्यातल्या अशा दाव्यांमध्ये सांगितलं, की कागदाशिवायचा पुरावाही बघा. तरी टेबलापलीकडून अजून तोच प्रश्न येतो.

बायांच्या बाबतीत हे दुपटीने खरं आहे. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका कोवळ्या आदिवासी पोरीवर अत्याचार झाला. हायकोर्टाने पोलिसांना शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टाने सोडून दिलं. पोरीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा अर्थ लावला. रात्री, ठाण्यात, वर्दीवाल्यांपुढे एकटी आदिवासी पोर काय विरोध करणार, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. देशभर बाया रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ साली कायदा बदलला. तिला जखमेचा पुरावा मागितला, आपल्याला पावतीचा मागतात. तोंडच्या शब्दावर विश्वास दोघांच्याही नाही.

'तुमच्या भल्यासाठी'

शिवी देणारा भेदभाव आपल्याला कळतो. 'जंगली', 'रानटी', 'काय कातोड्यासारखा राहतोस' हे ऐकून रक्त तापतं. पण गोड बोलणारा भेदभावही असतो आणि तो जास्त नुकसान करतो. तो म्हणतो, तुम्हाला मुख्य प्रवाहात आणतो.

१८ ऑक्टोबर २००० ला नर्मदेच्या धरणाचा निकाल लागला. बहुमताच्या निकालात म्हटलं, की विस्थापन झालं म्हणजे हक्क मोडला असं होत नाही. नव्या जागी आदिवासींना पाड्यापेक्षा जास्त सोयी मिळतील, हळूहळू ते मुख्य प्रवाहात मिसळतील आणि त्यातच त्यांची प्रगती आहे. अक्कलकुवा आणि धडगावच्या ३३ गावांतली माणसं नदीकाठी काय पिकवत होती, कोणते मासे धरत होती, कोणते देव पुजत होती, याला या हिशोबात जागा नाही. पुण्या-मुंबईच्या एखाद्या सोसायटीला कोणी असं सांगेल का, की तुमची घरं पाडतो, दुसरीकडे नळ देतो, तिथे तुम्ही सुधराल? तिथल्या माणसाला आधी विचारतात. आपल्याला सुधारतात.

पोरं मेली तरी तीच भाषा. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत पोरं गेली, मग मेळघाटची बातमी आली. भुकेचं नाव घेणं सगळ्यांनी टाळलं. अंधश्रद्धा आहे, भगताकडे जातात, लग्नं लवकर करतात, पोरं जास्त होतात. यातलं काही खरं असेलही. पण घरात दाणा नव्हता, रेशनच्या दुकानाला कुलूप होतं, रोजगार हमीचं काम बंद होतं, डॉक्टर जागेवर नव्हता, या चार गोष्टी सोडून आमचा भगत तेवढा दिसतो, हा डोळ्यांचा कोणता आजार?

त्यांचे सवाल, आपले जवाब

चर्चेत काही सवाल ठरलेले येतात. त्याला काय जवाब द्यायचा ते प्रत्येक पाड्यात पाठ असलं पाहिजे.

'राखीव जागांमुळे तुम्ही पुढे गेलात.' १९९१ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात शंभरातली ६५ माणसं साक्षर होती. आदिवासींत शंभरातली ३७. आदिवासी बायांत २४. हे सरकारचेच आकडे. आणि ज्या पोरीच्या घरात वारली बोलतात, पावरी बोलतात, गोंडी, कोरकू बोलतात, तिला पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठीत शिकवायचं, नाही समजलं की 'डोकंच नाही' म्हणायचं. सातवीपर्यंत टिकली तर ती शाबास तिची.

'आता तुमच्यात आणि आमच्यात फरकच नाही.' फरक नाही तर आपल्या नावाचे खोटे दाखले काढायला एवढी गर्दी का? खोट्या दाखल्यावर नोकरी घेणारे हजारो निघाले, म्हणून सरकारला जात तपासण्याचा कायदा करावा लागला. ज्यांनी आपलं नाव चोरलं त्यांच्यातला एक तरी पाड्यावर राहायला आला का? दंडाची पावती आपल्या नावाने फाडून घ्यायला आला का? फक्त नोकरीपुरता आदिवासी व्हायला सगळे तयार.

'सगळेच या देशाचे मूळचे, तुम्ही काय वेगळे?' हे आपलं सरकार युनोतही सांगतं. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी १९४३ सालीच लिहिलं होतं, की आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदू. आम्ही म्हणतो, ठीक, सगळे मूळचे. मग सगळ्यांच्या जमिनीला एकच नियम लावा. तुमचा सातबारा आपोआप तयार होतो, आमच्यासाठी तीन पिढ्यांचा झगडा का? १९४६ च्या डिसेंबरात घटना समितीत झारखंडचे जयपालसिंग उभे राहिले आणि म्हणाले, मी जंगली आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. तेव्हा त्यांनी सभागृहाला सांगितलं होतं, की लोकशाही तुम्ही आदिवासींना शिकवू नका, त्यांच्याकडून शिका. कोणी वेगळेपणाची भीक मागत नव्हतं.

'जुनं उकरून काढून तुम्हीच भेद वाढवता.' देशात १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. १९७४ चा, आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत द्यायचा, राज्याचा कायदा आहे. १९५७ ते १९७४ या काळात सावकार-शेठने बळकावलेली जमीन परत मिळावी, असं त्यात लिहिलंय. हे कायदे आम्ही केले नाहीत, विधानसभा आणि संसदेने केले. रोग नव्हता तर हे औषध कशाला केलं? आणि रोग होता तर औषध कपाटात का?

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूनेही ठेवावी लागेल. हा रोग लागट आहे. वरच्याने आपल्याला हिणवलं, की आपल्यातला एखादा खालचा शोधतो. जमीनवाला बिनजमिनीच्या कातकऱ्याला वेगळं बसवत असेल, पारध्याला पाड्यात थारा देत नसेल, बाईला ग्रामसभेत बोलू देत नसेल, तर त्या पाड्याने समानतेचा मोर्चा काढायचा कोणत्या तोंडाने? दाव्यांच्या यादीत सगळ्यात आधी त्यांची नावं घाला, ज्यांची घालायची राहून जातात.

आता करायचं काय

समोरचा कबूल करो न करो, आपलं काम थांबत नाही. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्यात गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी पडले. तेव्हाही शेठलोक म्हणत होते, की वेठ वगैरे काही नाही, आमची माणसं सुखात आहेत, बाहेरचे येऊन चिथवतात. वारल्यांनी त्यांच्या कबुलीची वाट बघितली नाही. 'वेठ करणार नाही' म्हणून काम थांबवलं, आणि वेठ संपली.

म्हणून प्रत्येक गावाने एवढं करावं. ग्रामसभा बोलवून कसणाऱ्यांची यादी करा. विधवा, परित्यक्ता, बिनजमिनीचे, कोणी सुटता कामा नये. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जो मान दिलाय तो कागदावर वापरा, ठराव लिहा, सह्या-अंगठे घ्या, एक प्रत कचेरीत देऊन पोच घ्या. म्हाताऱ्या माणसांचे जबाब आत्ताच लिहून ठेवा. कोणी कधी तोडलं, कोण गार्ड होता, कोणत्या दुष्काळाच्या साली बांध घातला, कोणाची माती कुठे दिली. साक्षीदार वर्षागणिक कमी होतात. चौकशीला साहेब आला तर सगळा पाडा हजर राहा, आणि जमीन पायाने फिरून दाखवा. पंचनामा वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका. कोणी 'जंगली' म्हणाला, जातीवरून शिवी दिली, तर तारीख, वेळ, जागा आणि ऐकणाऱ्यांची नावं लिहून ठेवा.

आणि पुढच्या वेळी कोणी विचारलं, की आता कुठे राहिलाय भेदभाव, तर चिडू नका. त्याला पाड्यावर बोलवा. एक दिवस आपल्या शेतात उभं करा, आणि गार्ड आला की त्यालाच सांगू द्या, ही जमीन कोणाची ते.

जमीन कसणाऱ्याची, जंगल राखणाऱ्याचं. जोहार!